पहिल्या टीवर निर्णय घ्यायचा नाही

गोल्फ स्पर्धेचा पहिला शॉट बिघडला की दोष स्विंगला दिला जातो. टीवर, म्हणजे होलचा पहिला शॉट मारायच्या जागेवर, बारकाईने पाहिलं तर वेगळंच दिसतं. स्टार्टर नाव पुकारतो, खेळाडू बॅगेपाशी जातो, ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबचं) कव्हर काढतो, परत घालतो, हायब्रिडला (त्याहून आखूड क्लबला) हात लावतो, उजवीकडच्या कुंपणाकडे बघतो आणि शेवटी ड्रायव्हरच उचलतो. बॉलपाशी उभा राहिल्यावरही मनात हायब्रिड असतोच. अशा स्विंगमध्ये हात खाली येताना आवळले जातात, क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) उघडा राहतो आणि बॉल ज्या कुंपणाची भीती होती तिकडेच जातो.

यावर इलाज साधा आहे, फक्त तो टीवर करता येत नाही. पहिल्या तीन होलचे सगळे निर्णय आदल्या रात्री घ्यायचे, कागदावर लिहायचे आणि सकाळी ते फक्त पार पाडायचे. सोलापूरच्या खेळाडूला हे जास्तच लागू पडतं. स्पर्धा पुण्यात असली की तिथल्या क्लबच्या सदस्याने तो पहिला होल शेकडो वेळा खेळलेला असतो. आपण तो वर्षातून मोजक्या वेळा बघतो.

सोलापुरातली तयारी

स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी एक वही करा. सरावाला गेल्यावर अंग मोकळं केल्यावर मारलेला पहिला बॉल, फक्त पहिला, त्यात नोंदवायचा: क्लब, डावीकडे की उजवीकडे, अंदाजे किती यार्ड, फटका नीट बसला की टॉप झाला (बॉलच्या वरच्या भागाला लागला). तिसाव्या बॉलला ड्रायव्हर सरळ जाऊ लागतो तो तुमचा खरा ड्रायव्हर नव्हे. स्पर्धेत उपयोगाला येतो तो पहिल्या बॉलचा ड्रायव्हर. वीसेक नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं, आणि ते बहुतेकांना आवडत नाही. एका सत्रात एकाहून जास्त नोंदी हव्या असतील तर मध्ये दहा मिनिटं बसा, क्लब बदला, कुणाला तरी शेजारी उभं करा आणि मग पुन्हा एकच बॉल मारा.

गच्चीवरच्या नेटमध्ये ही वही भरता येत नाही, कारण नेटमध्ये बॉल कुठे वळला असता ते कळत नाही. नेट वेगळ्या कामाचं. क्लबफेसवर पायाला लावायच्या पावडरचा पातळ थर द्या. बॉल फेसच्या टोकाकडे लागतो की टाचेकडे ते ठशावरून दिसेल. सोलापुरात मार्चनंतर हे सकाळी आठच्या आत उरकावं. नंतर घामाने ग्रिप ओली होते, हात नकळत जास्त घट्ट धरतात आणि चुकीची सवय लागते.

पटिंग (बॉल होलकडे लोटण्याचा सराव) घरात करणार असाल तर फरशीवर नको, ती ग्रीनपेक्षा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतापेक्षा, फारच वेगवान असते. सोलापुरी चादरही या कामाची नाही; तिची नक्षी उठावाची, बॉल तिच्यावरून थरथरत जातो. साधी सपाट सतरंजी ताणून घाला, तीन फुटांवर नाणं ठेवा आणि नाण्यावरून बॉल जाईल असा पट मारा. होलचा व्यास सव्वाचार इंच असतो. नाणं त्यापेक्षा लहान, म्हणून स्पर्धेच्या दिवशी होल मोठा वाटतो.

आदल्या दिवशी पोहोचा

मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुणे साधारण २५० किलोमीटर. सकाळी सातचा टी टाइम आहे म्हणून मध्यरात्री गाडी काढण्याचा उत्साह नको. चार-पाच तास बसून कंबर आणि मांड्यांच्या मागचे स्नायू आखडतात, बॅकस्विंगमध्ये अंग पुरेसं वळत नाही, ती कसर हात भरून काढतात आणि पहिले तीन-चार होल टॉप नाहीतर स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा बॉल). हुतात्मा किंवा वंदे भारत, दोन्ही सोलापूरहून सकाळी निघतात. आदल्या दिवशी त्यातली एखादी धरली तर दुपारी कोर्स बघायला वेळ मिळतो.

स्ट्रोक प्लेच्या (एकूण स्ट्रोक, म्हणजे फटके, मोजायच्या स्पर्धेच्या) दिवशी राउंडआधी कोर्सवर सरावाचा शॉट मारता येत नाही. पहिल्या टीजवळ पट आणि चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा शॉट) चालतात, सरावाच्या जागेवर काहीही चालतं. पण कोर्सवर एक सरावाचा शॉट मारला तर दोन स्ट्रोकचा दंड आणि दुसरा मारला तर बाद. म्हणून जे बघायचं ते आदल्या दिवशी. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या सामन्यात) ही अडचण नाही.

सराव राउंडमध्ये स्कोअर लिहू नका. पहिल्या तीन होलवर मात्र थांबून तीन गोष्टी टिपा. टीवरून पोहोचेल अशा अंतरात कोणती जागा सगळ्यात महाग आहे: पांढरे खुंट (त्यापलीकडे ओबी, म्हणजे हद्दीबाहेर), लाल किंवा पिवळे खुंट (पाणी वगैरे दंडाची जागा), की नुसतीच झाडं. ग्रीन चुकलं तर कोणत्या बाजूला चुकलेलं परवडतं. आणि ग्रीनचा उतार मागून पुढे आहे की बाजूला. येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवर झाडांच्या रांगा विचार करायला लावतात. बावधनजवळच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टवर चढ-उतार. सपाट मैदानावर मारायची सवय असलेल्याने डोंगरउतारावर अंतराचा अंदाज डोळ्यांवर सोडू नये. चढावर एक क्लब जास्त, उतारावर एक कमी, इथून सुरुवात करा आणि सराव राउंडमध्येच ताडून बघा.

रात्रीचा कागद

स्कोअरकार्डाच्या आकाराचा कागद घ्या. प्रत्येक होलसाठी चारच गोष्टी लिहायच्या: टीवरचा क्लब, नेमकं लक्ष्य (“फेअरवे”, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, एवढंच लिहू नका, “डाव्या बंकरची उजवी कड” किंवा “मागच्या उंच झाडाचं खोड” लिहा), ग्रीनवर कुठे मारायचं, आणि त्या होलवर किती स्ट्रोक चालतील.

क्लब ठरवताना हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणाने बघू. पहिला होल पार ४ (चार स्ट्रोकमध्ये संपणं अपेक्षित), ३८५ यार्ड. फेअरवे ३० यार्ड रुंद. उजव्या कडेपासून १२ यार्डांवर ओबी. डावीकडे रफ (वाढलेलं गवत) आणि विरळ झाडं. तुमचा कोर्स हँडिकॅप १८, म्हणजे प्रत्येक होलवर एक स्ट्रोक सवलतीचा मिळतो.

वहीत ड्रायव्हरचे वीस पहिले बॉल आहेत, सरासरी २२० यार्ड. त्यातले चार बॉल लक्ष्याच्या २७ यार्डांपेक्षा जास्त उजवीकडे गेले. फेअरवेच्या मध्यावर नेम धरला तर ओबी बरोबर २७ यार्डांवर येते. म्हणजे वीसात चार बॉल बाहेर, प्रत्येकी दोन स्ट्रोकचं नुकसान, सरासरी ०.४ स्ट्रोक केवळ पहिल्या शॉटवर. तोच ड्रायव्हर, नेम मात्र १२ यार्ड डावीकडे: ओबी आता ३९ यार्डांवर गेली आणि वहीप्रमाणे तिथवर पोहोचणारा बॉल वीसात एकच. स्विंगमध्ये काहीही बदल न करता तीन ओबी वाचल्या. डावीकडे रफमध्ये जास्त बॉल जातील, ते जाऊ द्या.

आता हायब्रिड. १८० यार्ड, दोन्ही बाजूंना २० यार्डांच्या आत. मध्यावर नेम धरूनही ओबी लागत नाही. उरले २०५. पुन्हा हायब्रिड, मग २५ यार्डांची पिच आणि दोन पट: पाच. ड्रायव्हरने १६५ उरतात, आणि १८ हँडिकॅपचा खेळाडू तिथून ग्रीन किती वेळा गाठतो ते त्याने स्वतःच्या जुन्या कार्डांत बघावं. बहुतेकांचा तिथेही पाचच होतो. पाच म्हणजे नेट पार (सवलत वजा करून पार), स्टेबलफर्डमध्ये (प्रत्येक होलला गुण देणाऱ्या प्रकारात) दोन गुण. या होलवर कागदावर “हायब्रिड, मध्य, ५ चालेल” असं लिहिताना लाज वाटायचं कारण नाही.

मात्र लहान क्लब म्हणजे सुरक्षित क्लब हा समज काढून टाका. २०१९ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन) रॉयल पोर्टरश कोर्सच्या पहिल्या टीवर व्यावसायिक खेळाडू रोरी मॅकिलरॉयने ड्रायव्हर नव्हे, आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) काढला होता. बॉल डावीकडे ओबी गेला, होलवर ८ झाले, राउंड ७९. दुसऱ्या दिवशी ६५ मारूनही कट (शेवटच्या दोन दिवसांसाठीची पात्रता) एका स्ट्रोकने हुकला. बॅगेतला सगळ्यात कमी वापरलेला लांब आयर्न केवळ “सेफ” म्हणून पहिल्या टीवर काढणारे प्रत्येक स्पर्धेत भेटतात. वहीत ज्या क्लबच्या नोंदी नाहीत तो कागदावर यायला नको.

कागदावर दुसरा पर्याय एकाच कारणासाठी लिहायचा: वारा. “समोरून जोरात असेल तर ड्रायव्हर, नेम झाडाच्या डावीकडे.” जूनपासून पावसाळी वारा दख्खनवर चांगलाच असतो, तेव्हा ही ओळ लागते. “मूड बरा असेल तर” ही अट नाही.

सकाळ, टी टाइमपासून मागे मोजत

नियम आधी, कारण इथे वाद चालत नाही. दिलेल्या वेळेला दिलेल्या टीवर खेळायला तयार असलं पाहिजे. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर स्ट्रोक प्लेमध्ये पहिल्या होलवर दोन स्ट्रोक. त्यापेक्षा जास्त झाला तर बाद. वेळेआधी पाच मिनिटांपर्यंत खेळायला सुरुवात केली तरी दोन स्ट्रोकच. १९८० च्या यूएस ओपनमध्ये सेव्हे बालेस्टेरॉस दुसऱ्या राउंडच्या वेळेला टीवर पोहोचला नाही आणि बाद झाला. त्याच वर्षी त्याने मास्टर्स जिंकली होती.

७.१० चा टी टाइम धरू. क्लबवर ५.५५ पर्यंत पोहोचायचं. ६.०५ ला नोंदणी, स्कोअरकार्ड, स्थानिक नियमांचा कागद. तो कागद वाचा: रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) चालतो की नाही, कोणती जागा दुरुस्तीखाली आहे, प्रेफर्ड लाय (बॉल उचलून चांगल्या जागी ठेवायची मुभा) आहे का. रेंजफाइंडर चालत असला तरी त्याचं स्लोप (चढ-उतार धरून अंतर सांगणं) वापरायचं नाही, ते घरीच बंद करून ठेवा. तुमच्या हँडिकॅपचे स्ट्रोक कोणत्या होलवर मिळतात ते कार्डावर पेन्सिलीने ठिपके देऊन घ्या.

मग बॅग उघडून क्लब मोजा. चौदा. मनातल्या मनात नाही, हात लावून. २००१ च्या ओपनमध्ये रॉयल लिथमला इयान वुस्नम शेवटच्या दिवशी संयुक्त आघाडीवर होता. पहिल्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक स्ट्रोक कमी) मारली आणि दुसऱ्या टीवर कॅडीने सांगितलं, बॅगेत पंधरा क्लब आहेत. रेंजवर आजमावलेला दुसरा ड्रायव्हर तसाच राहिला होता. दोन स्ट्रोक गेले. आपल्याकडे हे नेहमी मित्राच्या वेजने (जवळच्या शॉटच्या क्लबने) होतं: सराव राउंडमध्ये मागून घेतलेला, परत द्यायचा राहिलेला.

खाणं टी टाइमच्या तासभर आधी, थोडं. नंतरचं बॅगेत. यात सोलापूरकराची सोय आहे: शेंगापोळी चार-पाच दिवस टिकते, चुरा होत नाही, आणि चौथ्या-पाचव्या होलनंतर अर्धी खाल्ली तर नवव्यापर्यंत पोट शांत राहतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र राउंडनंतर. तिखटाने तहान वाढते आणि ग्रिपला तेलाचे हात लागतात. पाणी पहिल्या होलपासून, प्रत्येक टीवर दोन घोट. तहान लागेपर्यंत थांबू नका.

सरावाच्या जागेवर

एकूण पन्नास मिनिटं पुरतात. बॉल मारण्याआधी सात-आठ मिनिटं अंग: खांद्यावर क्लब आडवा धरून डावी-उजवीकडे वळणं, पाय झुलवणं, थोडं भरभर चालणं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पुण्यातला गारठा सोलापूरकराला जास्तच लागतो, तेव्हा हे दुप्पट करा आणि स्वेटर शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका.

नंतर तीस ते पस्तीस बॉल, जास्त नाहीत. वेजने अर्ध्या स्विंगचे आठ, ८ आयर्नने सात-आठ, ५ आयर्न किंवा हायब्रिडने सहा, ड्रायव्हरने पाच-सहा. राहिलेल्या चार बॉलमध्ये पहिला होल खेळा: कागदावरचा क्लब, कागदावरचं लक्ष्य डोळ्यांसमोर, पूर्ण तयारीसह एक बॉल. मग दुसरा शॉट. मग पिच. अगदी शेवटचा बॉल पुन्हा पहिल्या टीचा. तो वाईट गेला तरी आणखी एक मागायचा नाही, त्याला अंत नसतो.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. सहावा बॉल स्लाइस होतो आणि खेळाडू दुरुस्ती करायला बसतो: ग्रिप बदल, स्टान्स बदल, शेजारचा मित्र “डोकं खाली ठेव” म्हणतो तेही ऐक. वीस मिनिटांत स्विंग सुधारत नाही. टीवर न्यायला फक्त तीन नव्या सूचना जमा होतात. सकाळची रेंज दुरुस्तीसाठी नाही, आज बॉल कुठे जातोय ते बघण्यासाठी आहे. स्लाइस होत असेल तर तो घेऊनच खेळा आणि नेम आणखी आठ-दहा यार्ड डावीकडे. कागदावर सकाळी करायचा हा एकच बदल.

शेवटची पंधरा मिनिटं पटिंग ग्रीनवर. होल शोधू नका. आधी २५-३० फुटांवरून तीन-चार लांब पट, ग्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बघायचं ते फक्त अंतर. सकाळी दव असतं, बॉल मागे पाण्याची रेघ सोडत जातो आणि कमी पडतो. हाच वेग दहाव्या होलला राहणार नाही, हे तेव्हाच लक्षात ठेवा. गवताची लव बघा: चकाकणारी दिसली तर ती तुमच्यापासून पुढे झुकलेली, पट पळेल, काळसर दिसली तर लव अंगावर येते, पट अडेल. शेवटी तीन फुटांवरून सहा पट घाला आणि होलमध्ये बॉल पडल्याचा आवाज कानात घेऊन निघा. आठ फुटांवरून सराव करत बसलात तर चुकलेले पट मोजत टीवर जाल. जगातले अव्वल व्यावसायिकही आठ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात.

टीवरची दहा मिनिटं

दहा मिनिटं आधी टीवर या. मार्कर (तुमचा स्कोअर लिहिणारा) कोण, कार्डांची अदलाबदल, बॉलवर खूण, सोबत्यांना बॉलचा ब्रँड आणि नंबर सांगणं. दोघांचा बॉल सारखाच निघाला तर एकाने बदलायचा. हे उरकलं की गप्पा थोड्या कमी करा. अबोला नको, तो तुम्हालाच जास्त ताण देतो.

कॅडीशी बोलणं इथेच पक्कं करा. “दादा, अंतर तुम्ही सांगा, क्लब मी ठरवतो. पटची लाइन विचारली तरच सांगा.” पुण्यातले अनुभवी कॅडी ग्रीन तुमच्यापेक्षा चांगलं वाचतात, म्हणून काही जण उलटं ठरवतात: ग्रीनवर सगळं कॅडीचं. दोन्ही चालतं, ठरलेलं असलं की झालं. मात्र स्टान्स घ्यायला लागल्यापासून शॉट होईपर्यंत कॅडीने तुमच्या लाइनच्या मागे उभं राहायचं नाही. आणि सोबत्याला “कुठला मारलास?” विचारायची रविवारची सवय आज सोडा, तो सल्ला मागणं ठरतं, दोन स्ट्रोक. सोबत्याच्या बॅगेत डोकावून बघायला हरकत नाही. अंतर विचारलं तरी चालतं.

छातीत धडधड होणारच. ती थांबवायचा प्रयत्न करू नका, ती हातात उतरू देऊ नका. नाकाने चार मोजत श्वास आत, तोंडाने सात-आठ मोजत बाहेर, तीन वेळा. लांब उच्छ्वासाने खांदे खाली येतात. मग ग्रिप: दहापैकी दहा म्हणजे जमेल तितकी घट्ट, तुम्हाला चार हवी. ताणात चार म्हणून धरलेली सहा असते, म्हणून आधी मुद्दाम दहा करा, सोडा, आणि मग धरा. फरक हाताला कळतो.

टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) कुठे टोचायची हाही निर्णयच आहे. टीवर रोवलेल्या दोन खुणांच्या (टी मार्करांच्या) पुढच्या कडांमधली रेषा आणि तिच्यामागे दोन क्लब-लांबी, एवढा चौकोन तुमचा. ओबी उजवीकडे असेल तर टी उजव्या मार्करजवळ टोचा, म्हणजे नेम आपोआप कुंपणापासून दूर, डावीकडे वळतो. उत्साहात मार्करच्या पुढे टोचली तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोक, आणि शॉट पुन्हा योग्य जागेवरून मारावा लागतो.

आता क्रम. बॉलच्या मागे उभे राहून लक्ष्य बघा. लक्ष्याच्या रेषेवर बॉलपुढे फूटभरावर एखादं पान किंवा जुन्या टीचा तुकडा शोधा. एक सरावाचा स्विंग, खरा वेग घेऊन. स्टान्स, क्लबफेस त्या पानाकडे, लक्ष्याकडे एक नजर, आणि मारा. नियमांत शॉटसाठी ४० सेकंद सुचवले आहेत; हा क्रम पंचवीसमध्ये बसतो. बॉलवर उभं राहून आठ-दहा सेकंद गेले की खांदे पुन्हा वर चढतात, म्हणून मनात दुसरा विचार आला तर मागे हटून क्रम पहिल्यापासून. मनात स्विंगची सूचना एकही नको. शब्दच हवा असेल तर “झाड”, म्हणजे लक्ष्याचं नाव.

बॉल ओबीकडे किंवा दाट झाडीत गेला, शंका आहे? “प्रोव्हिजनल मारतो” (पहिला हरवला किंवा ओबी ठरला तर धरायचा बॉल) असं स्पष्ट सांगा. “अजून एक मारतो” एवढ्याने चालत नाही. मग तोच दुसरा बॉल खेळात धरला जातो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. सोबत्यांचे शॉट झाल्यावर मारा, त्यामुळे दम घ्यायला वेळही मिळतो. प्रोव्हिजनलला क्लब बदलायचा नाही, लक्ष्य बदलायचं नाही. बॉल शोधायला तीन मिनिटं.

पहिले तीन होल

या तीन होलवर झेंड्याकडे बघायचंच नाही, ग्रीनच्या मध्याकडे मारायचं. अंतर मागच्या कडेच्या हिशेबाने घ्या, कारण थंड सकाळी आणि अवघडलेल्या स्विंगमध्ये बॉल कमीच जातो. सुरुवातीच्या होलवर ग्रीनच्या पुढे राहिलेले बॉल मागे गेलेल्यांपेक्षा किती तरी जास्त असतात. चिप करताना जमिनीवरून पळणारा शॉट, उंच नाही. पहिला पट होलमध्ये घालायचा नाही, तीन फुटांच्या आत न्यायचा. पहिल्या तीन होलवर तीन-पट टाळले तर सुरुवात चांगली झाली असं धरा, स्कोअर काही का असेना.

पहिल्या होलवर ७ किंवा ८ झाले तर? स्टेबलफर्डमध्ये उत्तर सोपं: १८ हँडिकॅपला पार ४ वर ७ म्हणजे शून्य. सहाव्या स्ट्रोकनेही होल संपला नाही की बॉल उचला. त्यापलीकडचा प्रत्येक शॉट फक्त वेळ आणि डोकं खातो. स्ट्रोक प्लेमध्ये मात्र होल पूर्ण करावाच लागतो, आणि तिथली दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग असते: झाडांतून दोन खोडांच्या मधून मारलेला पराक्रमी शॉट. आडवा बाहेर काढा. २००३ च्या ओपनमध्ये टायगर वुड्सचा पहिल्याच टीचा बॉल हरवला, ट्रिपल बोगी (पारपेक्षा तीन जास्त) झाली. तरी चार दिवसांनंतर तो विजेत्यापेक्षा फक्त दोन स्ट्रोक मागे होता. दुसऱ्या टीवर तीन स्ट्रोक “परत मिळवायला” जाणारा मात्र पाचव्या होलपर्यंत आणखी तीन घालवतो. दुसऱ्या होलचा निर्णय कागदावर रात्रीच झालेला आहे. पहिल्या होलच्या स्कोअरने त्यातला शब्दही बदलत नाही.

बर्डीने सुरुवात झाली तरी हेच. उलट तिथे जास्त सांभाळा, कारण बर्डीनंतर हाताला वेग चढतो आणि कागदावर हायब्रिड लिहिलेला असताना ड्रायव्हर निघतो.

आकड्यांची बेरीज नवव्या होलपर्यंत नको. प्रत्येक होलनंतर मार्करशी आकडा ताडून बघा, एवढंच. आकड्यांची जबाबदारी तुमची आहे. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा असलेलं कार्ड सही करून दिलं की बाद.

मॅच प्लेमध्ये एक गोष्ट बदलते. तुमच्याआधी मारणाऱ्याचा बॉल ओबी गेला तर कागदावरचा ड्रायव्हर गुंडाळून हायब्रिड काढायला हरकत नाही, आता बोगीही (पारपेक्षा एक जास्त) होल जिंकू शकते. याच्या उलट, तो फेअरवेच्या मध्यावर आहे म्हणून हायब्रिडचा ड्रायव्हर करायचा नाही.

शॉटगन स्टार्ट असेल तर

क्लबांच्या कित्येक स्पर्धा शॉटगनने सुरू होतात: सगळे ग्रुप एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून. तुमचा पहिला होल सातवाही असू शकतो. ड्रॉ (ग्रुपांची यादी) आल्याबरोबर सुरुवातीचा होल बघा आणि कागद त्या होलपासून तीन होलसाठी करा. पटिंग ग्रीनपासून त्या टीपर्यंत चालत किती वेळ लागतो ते आदल्या दिवशी मोजा. बारा-पंधरा मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात अंग गार होतं. टीवर पोहोचल्यावर पुन्हा आठ-दहा सरावाचे स्विंग घ्या, हळू ते वेगात.

सुरुवात पार ३ वर आली तर सरावाच्या जागेवरचा शेवटचा बॉल ड्रायव्हरचा नको, त्या अंतराच्या आयर्नचा, आणि बॉल टीवर ठेवूनच मारलेला. एक क्लब जास्त, स्विंग तीन-चतुर्थांश, नेम ग्रीनच्या मध्यावर. पार ३ ला टी जमिनीच्या जेमतेम वर, पाव इंच. ड्रायव्हरच्या सवयीने उंच टोचली तर आयर्न बॉलच्या खालून जातो आणि बॉल अर्ध्या वाटेत, बहुतेक वेळा पुढच्या बंकरमध्ये पडतो.